२५१वा माणूस

सार्डिनिया बेटाच्या पूर्वेला, बाउनेई गावाच्या हद्दीत, काला गोलोरित्झे नावाचा छोटासा किनारा आहे. मागे चुनखडीचे उभे कडे, त्यांतून वर गेलेला १४३ मीटरचा सुळका आणि पायाखाली पांढरे गोटे. १९६२मध्ये इथे दरड कोसळली, तिच्यातून हा किनारा घडला. होड्यांना काठाला लागायची बंदी आहे. गोल्गोच्या पठारावरून सुमारे साडेतीन किलोमीटर उतरायचं, तेही हंगामात दिवसाला फक्त २५० जणांनी, आधी नोंदणी करून आणि पैसे भरून.

नोंदणी भाचीने केली होती. मामांनी आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलेलं. खाली पोचल्या पोचल्या त्यांनी सुपारीएवढा एक गोटा उचलला आणि हात खिशाकडे वळवला.

"मामा, २०१७चा कायदा आहे. वाळू, गोटा, शिंपला, काहीही नेलं तर ५०० ते ३००० युरो दंड."

"एका गोट्याने काय बिघडतं?"

"२०१९मध्ये एका फ्रेंच जोडप्याच्या गाडीत बाटल्यांत भरलेली ४० किलो वाळू सापडली. मूठभराने काय बिघडतं, असंच त्यांनाही वाटलं असेल."

"हा तर युब्युलिडीसचा ढीग! एक दाणा काढला तरी ढीग उरतो, आणखी एक काढला तरी उरतो. मग तो संपतो नेमका कधी? ग्रीकांपासून वाद चालू आहे. सार्डिनियाच्या सरकारला उत्तर सापडलं?"

"त्यांनी उत्तर शोधलंच नाही. पहिल्या दाण्यालाच हात लावू नका म्हणाले."

मामांनी वाट बदलली. "नर्मदेतून आपण बाण आणतो. तुझ्या आजीने आणलेला अजून देव्हाऱ्यात आहे. तो काय चोरीचा?"

"आजी त्याला रोज आंघोळ घालायची. तुम्ही हा शोकेसमध्ये ठेवाल."

हे खरंच होतं. पुण्याच्या घरातलं ते शोकेस दोघांनाही पाठ होतं. गोटा खाली गेला, मामा मात्र सरसावले.

"बरं, माणसांचं काय? गोट्यांच्या बाबतीत पहिलाच गुन्हा, माणसांच्या बाबतीत २५१वा. आकडा २५० का, २६० का नाही? रेघ मनाला येईल तिथे मारली की!"

"गोटा गेला की गेला. माणूस संध्याकाळी निघून जातो."

"जातो आणि फोटो टाकतो. २०२५मध्ये जगातल्या सर्वोत्तम किनाऱ्यांच्या एका यादीत हा पहिला आला. गर्दीला यापेक्षा मोठं आवतण कुठलं?"

भाचीने हातातला फोन तसाच धरून ठेवला. "आकडा नसता तर इथे पाय ठेवायला जागा उरली नसती. शेजारच्या काला मारिओलूवरही मर्यादा आणावी लागली."

"मर्यादा हवीच. पण ज्याला परत पाठवतात, तो आपल्याहून सभ्य असू शकतो. निदान त्याने गोटा तरी उचलला नसता."

"म्हणजे आपण यायलाच नको होतं?"

"यायला हवं होतं," मामा म्हणाले. "पण का, ते मला सांगता येत नाही. त्या २५१व्याला तर मुळीच नाही."