मागणी आणि मान

शालान्त परीक्षेचा निकाल लागला की घरोघर ‘पुढे काय?’ हा प्रश्न उभा राहतो. वीजतंत्री, जोडारी, वेल्डर यांना फार मागणी आहे, असे कोणी सांगितले तर सारे मान डोलावतात. पण ‘मग आपल्याच मुलाला तिकडे घालू या’ असे म्हणताच बैठकीत शांतता पसरते. धंदा उत्तम, परंतु तो दुसऱ्याच्या मुलाने करावा, अशी आमची वृत्ती दिसते. ती न्याय्य आहे काय?

आमच्यापैकी पुष्कळांचे पूर्वज बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर येथील दरबारांत दौत-लेखणी घेऊन गेले. कारकुनीचा मान तेव्हापासून आमच्या अंगी मुरला. पण त्याच बडोद्यास सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन काढून रंगकाम, विणकाम, यंत्रकाम यांना विद्येचे स्थान दिले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी मुंबईतील शिक्षकाची नोकरी सोडून बेळगावात सायकलींचे दुकान मांडले, लोखंडी नांगर घडविला आणि १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसविली.

ही उदाहरणे आम्ही अभिमानाने देतो खरे. परंतु लक्ष्मणरावांचे नाव आम्ही घेतो ते ते कारखानदार झाले म्हणून. भट्टीपुढे उभा जन्म काढणाऱ्या ओतकाऱ्याचे नाव आम्हांस ठाऊक नसते. म्हणजे आम्ही मान देतो तो मालकीला. कसबाला देत नाही.

केवळ मागणी आहे म्हणून धंदा धरावा, हेही आम्हांस पुरेसे वाटत नाही. छापखान्यात खिळे जुळविणाऱ्याला एके काळी केवढी मागणी होती! ऑफसेट आणि संगणक आले व ती ओसरली. मागणी बाजाराची, ती बाजाराबरोबर बदलणार. टिकते ती कामाची शिस्त. भिंतीआड दडलेल्या तारेचा सांधा घरमालक पाहत नाही. तो सैल राहिला तर तापतो आणि कधी घर पेटवितो. कोणी पाहत नसतानाही तो घट्ट आवळणाऱ्याचे चारित्र्य कोणत्या पदवीधराहून उणे?

म्हणून वडीलधाऱ्यांनी मुलांना खरे ते सांगावे. आय. टी. आय. मधील वीजतंत्रीचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा असतो. त्यापुढे उमेदवारी केली तर त्या काळात हाती पडते ते अल्प विद्यावेतन. वेल्डिंगच्या ज्योतीपासून डोळे जपावे लागतात. हे सारे ऐकूनही ज्याचा ओढा त्या कामाकडे असेल त्याला अडवू नये, आणि ज्याचा नसेल त्याला मागणीच्या नावाने ढकलू नये.

समाजाचे कर्तव्य मात्र याहून कठीण आहे. ज्याच्या हातच्या कामाच्या भरवशावर आपण रात्री निर्धास्त झोपतो, त्याला आपल्या बैठकीत बरोबरीने बसविण्यास आणि त्याच्या घरी मुलगी देण्यास आपण कचरत असू, तर तरुणांना श्रमप्रतिष्ठेचा उपदेश करण्याचा आपणांस काय अधिकार?