ढिला भीम

अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा एक कारखाना होता. तिथं एक कामगार माग चालवायचा. त्याची बायको त्याच कारखान्याच्या मागच्या खोलीत टॉवेलच्या कडा शिवायची. घरी म्हातारी आई होती, बारा वर्षांची मुलगी होती आणि सात वर्षांचा मुलगा होता.

मुलांनी मुंबई पाहिली नव्हती. बायकोनं तीन वर्षं रव्याच्या डब्यात पैसे साठवले. त्या दिवाळीत बोनस हातात आला आणि डबा उघडला. ठरलं. सोमवारी रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं निघायचं, मंगळवार-बुधवार मुंबई बघायची, बुधवारी रात्रीच्या गाडीनं परत फिरायचं. मुक्काम बायकोच्या मावशीकडं, वरळीला.

मग तो यादी करायला बसला. गेटवे ऑफ इंडिया, राणीची बाग, वस्तुसंग्रहालय. कारखान्यात ज्याला त्याला बातमी कळली. चहाच्या वेळी प्रत्येक जण एकेक नाव सांगू लागला. "साडेचारशे किलोमीटर जातोयस, तर घारापुरी सोडू नको." "हाजी अली बघच." "पोरांना नेहरू विज्ञान केंद्र दाखव." बायकोही चौकशी करून आली. राणीची बाग बुधवारी बंद, म्हणून ती मंगळवारी. सिद्धिविनायकाला मंगळवारी मोठी रांग, म्हणून तो बुधवारी पहाटे. आठवड्याभरात वहीत चौदा नावं झाली आणि प्रत्येक नावापुढं वेळ पडली.

मुलीनं वही वाचली. "बाबा, यात समुद्र कुठाय?"

"हा काय! गिरगाव चौपाटी. बुधवारी संध्याकाळी, अर्धा तास."

भूगोलाच्या पुस्तकात तिनं भरती-ओहोटी वाचली होती. "अर्ध्या तासात भरती दिसते का?"

त्याला ते ठाऊक नव्हतं. "बघू," तो म्हणाला. ती पुढं बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं वही कारखान्यातल्या म्हाताऱ्या जॉबरला दाखवली. जॉबरनं चष्मा लावून चौदाही नावं सावकाश वाचली. मग चालू मागावरच्या सूत गुंडाळलेल्या रुळांकडं बोट करून विचारलं, "याला भीम किती?"

"दोन, अण्णा."

"दोन कशाला?"

"खालचा कसून ताणलेला असतो, त्यानं कापड धरतं. वरचा ढिला सोडायचा, त्याचे लूप उठतात."

"आणि दोन्ही कसले तर?"

"तर मांजरपाट होईल. पाणी टिपणार नाही."

जॉबरनं वही मिटून त्याच्या हातात दिली. "यात मला ढिला भीम दिसला नाही," एवढंच बोलून तो पुढच्या मागाकडं गेला.

त्या रात्री कामगार पेन्सिल घेऊन बसला. पण एकही नाव खोडवेना. लहानपणी त्यानं स्वतः काही पाहिलं नव्हतं. एक नाव खोडायचं म्हणजे मुलांच्या ताटातला घास काढून घेतल्यासारखं वाटायचं. शेवटी बायको म्हणाली, "आपण जगाला विचारलं. पोरांना कुठं विचारलं?"

मुलगा म्हणाला, पेंग्विन. मुलगी म्हणाली, समुद्र. मग त्यानं बायकोला विचारलं. ती जराशी लाजली. "दुमजली बसमध्ये वर बसायचंय, अगदी पुढं."

त्यानं नवं पान उलटलं आणि त्यावर तीनच ओळी लिहिल्या.

मंगळवारी सकाळी ते मुंबईत उतरले. स्टेशनाबाहेर येऊन चौघं माना वर करून त्या दगडी इमारतीकडं बघत राहिले. राणीच्या बागेत मुलगा पेंग्विनच्या काचेपुढं किती वेळ उभा होता, कुणी मोजलं नाही. त्याला कुणी "चल" म्हणालं नाही. बुधवारी बसच्या वरच्या मजल्यावरून बायकोनं मुंबई बघितली. झाडाची फांदी काचेला घासून गेली तशी ती लहान मुलीसारखी हसली.

दुपारी ते चौपाटीवर आले. पाणी पार मागं गेलं होतं. मुलीनं कुल्फीच्या काड्या गोळा केल्या आणि पाण्यापासून वर, पाच पाच पावलांवर, वाळूत रोवल्या. मग ती बसली.

पहिला तासभर बापाचं लक्ष घड्याळाकडं होतं. एवढ्यात संग्रहालय झालं असतं, त्याच्या मनात आलं. तेवढ्यात पहिली काडी वाहून गेली. मुलगा ओरडला. थोड्या वेळानं दुसरी गेली. आता पुढची काडी कुठली लाट नेणार, यावर चौघांच्या पैजा लागल्या आणि बाप दोनदा हरला. सूर्य बुडाला तेव्हा एकच काडी उरली होती. मुलीनं ती उपटून फ्रॉकच्या खिशात ठेवली.

ज्या घरातली सहल फार वर्षांनी निघते, तिथं तिच्यात सगळं कोंबावंसं वाटतं. त्यात माया असते, हाव नसते. पण अर्ध्या तासात समुद्र म्हणजे नुसतं पाणी. ते पाणी आपल्याकडं चालत येतं, हे बसून राहणाऱ्यालाच दिसतं.

गुरुवारी कारखान्यात सगळ्यांनी विचारलं, "काय काय बघितलंस?" त्यानं तीन गोष्टी सांगितल्या. ऐकणारे हळहळले. जॉबर काही बोलला नाही. त्यानं ढिल्या भीमावरून हात फिरवला.

त्या वेळी घरी मुलगी आजीला समुद्र सांगत होती. आजीनं समुद्र कधी बघितला नव्हता. मुलीनं शहाबादी फरशीवर आगपेटीच्या काड्या मांडल्या आणि खिशातली कुल्फीची काडी सगळ्यांत शेवटी, आजीच्या पायाशी ठेवली. मग तांब्यातून पाणी ओतलं, अगदी हळू. पाणी एकेक काडी ओलांडत पुढं सरकू लागलं.

आजीनं लुगडं सावरलं आणि पाय मागं घेतले.