आयतं कोण खातं?

सोयाबीनच्या काढणीच्या दिवसांत लातूर-नांदेडकडच्या कुठल्याही पारावर बसा, एक तक्रार हमखास कानावर येते. मजूर मिळत नाहीत. रेशन फुकट, वर लाडक्या बहिणीचे दीड हजार. मग कोण कशाला येतंय रानात? तक्रार करणारा शेतकरी काही दुष्ट नसतो. आभाळ भरून आलेलं असतं, शेंगा तडकायला लागलेल्या असतात आणि गुत्तं घेणाऱ्यांनी एकरी भाव वाढवलेला असतो. पण हिशेब एकदा मांडावा. महिन्याला १५०० म्हणजे दिवसाला ५० रुपये. पन्नास रुपयांवर कुणाचं घर चालत नाही. त्या पन्नासाच्या आधारानं एखादी बाई ‘एवढ्या पैशात मी येत नाही’ म्हणाली असेल, तर ती आळशी झाली नाही. तिला भाव करता आला, इतकंच.

काम न करणाऱ्याला पोसायचं का, हा प्रश्न आपण फक्त गरिबाला विचारतो. अठ्ठावीस वर्षांचा मुलगा पाच-सहा वर्षं स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय, घरून पैसे येतात. त्याला कुणी आयतखाऊ म्हणत नाही. जमीन बटईनं लावून दिवसभर पानटपरीवर बसणारे तर गावातले मोठे लोक. आणि सहा महिने ऊस तोडून परतलेला माणूस चार दिवस लिंबाखाली आडवा झाला की, ‘बघा, लोळतोय!’

या प्रश्नाला महाराष्ट्रानं एकेकाळी फार देखणं उत्तर दिलं होतं. वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात रोजगार हमीचा पहिला प्रयोग केला. १९७२ च्या दुष्काळात दुष्काळी कामांवर लाखो माणसं आली. खडी फोडणं, पाझर तलाव, सुकडी हे शब्द मराठवाड्यातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी अजून आहेत. भल्या घरच्या बायकाही तोंडावर पदर घेऊन त्या कामांवर गेल्या. १९७७ मध्ये कायदा झाला, १९७९ च्या प्रजासत्ताक दिनापासून तो लागू झाला. खर्चासाठी १९७५ पासून व्यवसाय कर होताच, म्हणजे शहरातल्या पगारदाराच्या खिशातून खेड्यातल्या मजुराची मजुरी निघत होती. या योजनेचं मोठेपण असं की, ती माणसाची चौकशी करत नव्हती. टिकाव उचलायची तयारी, हाच दाखला.

ज्याला टिकाव उचलवत नाही, त्याचं काय? त्याच्यासाठी १९८० पासून संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. इथं मात्र चौकशीच चौकशी. दिव्यांगांना मर्यादा जास्त आहे. बाकीच्यांना कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत असल्याचा दाखला लागतो. २०२४-२५ मध्ये रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. घरातल्या एकानं त्या वर्षी हक्काचे १०० दिवस भरले असतील, तर २९,७०० झाले. सरकारनंच दिलेलं काम पुरं केलं की सरकारच्याच मदतीतून नाव जायला हवं! मग दाखल्यावर आकडा बसवावा लागतो. निराधार माणसाला मदतीच्या पहिल्या पायरीवरच आपण खोटं बोलायला लावतो, आणि पुढं हेच लोक लबाड असतात म्हणायला मोकळे होतो.

आणि मग अंगठा. औसा तालुक्यातल्या एका गावात ग्राहक सेवा केंद्राच्या ओट्यावर म्हातारी निराधारचा ‘पगार’ उचलायला आलेली. मशीनवर अंगठा ठेवते, लाल दिवा लागतो. पदरानं पुसते, केसांतून फिरवते, पुन्हा ठेवते. ‘दाबून धरा, आजी.’ दाबते. ‘उठंना,’ पोरगा म्हणतो. ‘खुरपून खुरपून रेघा गेल्यात, लेकरा,’ ती म्हणते आणि रांगेच्या कडेला जाऊन बसते. जन्मभर काम केल्याचा याहून मोठा पुरावा कुठून आणायचा? मशीनला नेमका तोच पुरावा चालत नाही.

तिथून काही तासांवर नांदेड. गुरू गोविंदसिंगजींनी १७०८ मध्ये जिथं देह ठेवला, त्या गावातल्या गुरुद्वाऱ्यांच्या लंगरमध्ये डोकं झाकायचं, पंगतीत बसायचं, दोन्ही हात पुढं करून परशादा घ्यायचा. यात्रेकरूच्या शेजारी दवाखान्यात पेशंट असलेला नातेवाईक, त्याच्या शेजारी कुठलंही काम न करणारा. कोण कोण आहे हे वाढणारा विचारत नाही. आता गंमत पाहा. कष्टानं कमावणं हा शीख शिकवणीतला पाया आहे. श्रमाला एवढं मानणारी परंपरा जेवणाऱ्याला मात्र श्रमाचा दाखला मागत नाही. गाडगेबाबांचंही तसंच. स्वतः गाव झाडल्याशिवाय भाकरी घ्यायचे नाहीत, पण आंधळ्या-पांगळ्यांच्या पंगतीत त्यांनी कुणाला झाडू दिला नाही. नियम स्वतःसाठी होता. आपण तो उलटा लावतो. याच राज्यात १९५९ चा भीक प्रतिबंधक कायदाही आहे, वॉरंटशिवाय धरून पहिल्याच खेपेला एक ते तीन वर्षं डांबण्याची सोय असलेला.

बाबा आमट्यांचं नाव घेऊन कुणी म्हणेल, दान माणसाला लुळं करतं. हा आक्षेप खोटा नाही. कुष्ठरोगानं बोटं झडलेल्या हातांनीही शेती होते, माग चालतो, हे त्यांच्या आनंदवनानं दाखवलं. पण तिथं आधी औषध आणि छप्पर मिळालं, अवजार नंतर. आणि त्या हाताला पेलेल असं काम कुणीतरी डोकं लढवून शोधलं. तहसीलच्या खिडकीवर ते कोण शोधतं?

राहिला खरोखरच काम न करणारा. धडधाकट आहे, दारूत आहे, गावात असे चार-दोन असतातच. अशाला पोसतं कोण? पाच किलो रेशन सोडलं, तर करदाता नव्हे. त्याची बायको पोसते, चार घरची भांडी घासून. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात शिधापत्रिकेवर कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या वडीलधाऱ्या बाईचं नाव लागतं. दाल्ल्याला धडा शिकवायला त्याचं पाच किलो धान्य कापलं, तर डबा तिचाच रिकामा होतो. त्याच्या ताटातलं कमी होणार नाही, शेवटी बसणाऱ्या तिच्या ताटातलं होईल. म्हणून ते पाच किलो कापायला माझा ठाम विरोध आहे.

त्याचं पिणं थांबवायचं तर कायद्यात ‘आडवी बाटली’ आहे. गावच्या मतदानात आडव्या बाटलीला मत म्हणजे दारूचं दुकान बंद, उभ्या बाटलीला म्हणजे चालू. पण दुकान बंद व्हायला गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं लागतात. मजुरी बुडेल म्हणून त्या दिवशी रानात गेलेली बाई त्या हिशेबात आपोआप उभ्या बाटलीच्या बाजूनं धरली जाते.