ब्लँकेटखालचं विष

२ डिसेंबर १९४३. जर्मन विमानांनी इटलीतल्या बारी बंदरावर बॉम्ब टाकले. तिथे उभ्या असलेल्या ‘जॉन हार्वी’ या अमेरिकी जहाजात मस्टर्ड गॅसचे सुमारे २,००० बॉम्ब होते, पण ही गोष्ट गुप्त होती. जहाज फुटलं आणि विष पाण्यावर पसरलेल्या तेलात मिसळलं. त्या पाण्यातून पोहत आलेल्या खलाशांना रुग्णालयात परिचारिकांनी मायेनं ब्लँकेटांत गुंडाळलं. ओले, तेलकट कपडे अंगावर तसेच राहिले.

मस्टर्ड गॅस हा मुळात तेलकट द्रव. तो त्वचेतल्या स्निग्धांशात विरघळतो आणि काही मिनिटांत पेशींच्या डीएनएला चिकटतो. तेव्हा ना आग होते, ना वेदना. पण वरच्या थराला खालच्या थराशी धरून ठेवणाऱ्या तळाच्या पेशी मरू लागतात. काही तासांनी कातडी लाल होते, खाजते; मग दोन्ही थर सुटतात, मध्ये पाणी भरतं आणि टरटरून फोड येतात. काखेत, जांघेत, जिथे घाम तिथे अधिक. कपडे लगेच उतरवून अंग धुतलं असतं, तर बरीच इजा टळली असती. ब्लँकेटानं विष अंगाशीच धरून ठेवलं.

मग हे पाप कुणाचं?

बौद्ध परंपरा कर्माचं मूळ चेतनेत, म्हणजे हेतूत पाहते. परिचारिकांचा हेतू निखळ करुणेचा होता, त्या निर्दोष. जैन विचार तेवढ्यावर थांबत नाही. उमास्वातींचं ‘तत्त्वार्थसूत्र’ हिंसेची व्याख्या करताना प्रमादाला, म्हणजे बेसावधपणाला, मध्यभागी ठेवतं. म्हणूनच जैन मुनी पाऊल टाकण्याआधी जमीन न्याहाळतो. ‘मला दिसलं नाही’ ही सबब, जो पाहू शकत होता त्याला नाही.

या कसोटीवरही परिचारिका सुटतात, कारण त्यांच्यापुढे पाहण्याजोगं काही ठेवलंच नव्हतं. अज्ञान त्यांचं होतं, पण ते घडवलं दुसऱ्यांनी. जहाजात काय आहे हे ठाऊक असलेल्यांनी ते रुग्णालयाला कळू दिलं नाही, तिथेच प्रमाद आहे. ६०० हून अधिक सैनिक व खलाशी बाधित झाले, ८३ दगावले. बारीच्या नागरिकांना तर कुणी काहीच सांगितलं नाही.

अमेरिकी लष्कराचे डॉक्टर स्टुअर्ट अलेक्झांडर काही दिवसांनी तिथे पोहोचले. फोडांवरून आणि रुग्ण कोणत्या जहाजांवरचे होते यावरून त्यांनी विष ओळखलं. ब्रिटनचे पंतप्रधान चर्चिल यांनी ते मानायला नकार दिला. ब्रिटिश कागदपत्रांत ‘शत्रूच्या कारवाईत भाजणं’ अशी नोंद झाली. अलेक्झांडर यांनी आपलं निदान मागे घेतलं नाही.