स्वेच्छेचे श्रम

श्रम वाचावेत म्हणून मनुष्याने यंत्रे निर्माण केली, आणि अंगाला श्रम उरले नाहीत म्हणून आता तो ते शोधीत डोंगराकडे निघाला आहे. सुटीच्या दिवशी शहाद्याहून तोरणमाळास सायकलीने जावयाचे म्हणजे सुमारे ५० किलोमीटरांची वाट. म्हसावद, राणीपूरपर्यंत ती केळी, पपई व कापूस यांच्या सपाट शेतांतून सुखाने धावते. पुढे सातपुडा आडवा येतो, आणि वळणावळणांच्या घाटाने समुद्रसपाटीपासून सुमारे साडेअकराशे मीटर उंचीच्या पठारावर चढावे लागते. तेथील यशवंत तलाव आणि सीताखाईची खोल दरी मोटारीतून जाणारासही दिसतातच. मग हा खटाटोप कशासाठी? आणि ज्यांच्यावाचून सहज चालले असते, असे कष्ट मुद्दाम ओढवून घेण्यास काही नैतिक मोल आहे काय?

नाही, असे म्हणणाराचा पक्ष दुबळा नाही. तो म्हणेल, ज्या डोंगरात हा प्रवासी हौसेने घाम गाळतो, त्याच डोंगरात भिल्ल व पावरा समाजांची माणसे पिढ्यान्‌पिढ्या ओझी वाहत आली आहेत. दिवाळीनंतर येथील कित्येक कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात. त्यांच्या प्रवासाला कोणी सहल म्हणत नाही. अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतील दुर्गम पाड्यांवरून आजाऱ्यास बांबूला बांधलेल्या झोळीत घालून खाली आणावे लागल्याच्या वार्ता अगदी अलीकडेही वारंवार प्रसिद्ध झाल्या आहेत. अशा ठिकाणी कष्टाची हौस करणे म्हणजे उपाशी माणसाच्या दाराशी बसून प्रकृतीसाठी लंघन करण्यासारखेच नव्हे काय?

या आक्षेपातील अर्धा भाग निर्विवाद खरा आहे. सायकलस्वाराला केव्हाही मागे फिरता येते. झोळीचा दांडा खांद्यावर घेतलेल्याला ती मोकळीक नाही. म्हणून घाट चढून आलेल्याने ‘येथील लोकांचे जिणे मी अनुभवले’ असे कदापि म्हणू नये. त्याने चढण अनुभवली, जिणे नव्हे.

परंतु उरलेला अर्धा भाग मला मान्य नाही. कारण त्यात डोंगरातील माणसाला निव्वळ सोसणारा जीव मानले आहे. सन १३३६ मध्ये इटालियन कवी पेत्रार्क केवळ पाहण्याच्या इच्छेने फ्रान्समधील व्हाँतू पर्वतावर चढला. वाटेत भेटलेल्या एका वृद्ध धनगराने त्याला परावृत्त करण्याचा फार यत्न केला; आपण पन्नास वर्षांपूर्वी चढलो, तेव्हा थकवा, पश्चात्ताप आणि काट्यांनी फाटलेले अंग यांखेरीज काही मिळाले नाही, असे त्याने सांगितले. ही कथा सांगताना कवीची रसिकता आणि धनगराची अरसिकता यांचीच तुलना बहुधा होते. पण तो धनगरही तारुण्याच्या ऊर्मीनेच शिखरावर गेला होता, हे आपण विसरतो! हौस ही सुशिक्षितांची मिरास नव्हे. महाशिवरात्रीस गोरक्षनाथाच्या यात्रेसाठी तोरणमाळ चढणारे भाविक पाहा. किंवा काठीच्या होळीत नवस फेडण्यासाठी कमरेला भोपळे व घुंगरू बांधून रात्रभर नाचणारे पाहा. हे श्रम त्यांच्यावर कोणी लादलेले नाहीत. तेव्हा स्वेच्छेने श्रम करणे हे मनुष्यमात्राचे वैभव आहे. काहींपाशी ते आहे, यात अन्याय नाही. लादलेल्या श्रमांनी इतरांचा सारा दिवस व्यापून टाकावा आणि त्या वैभवाला सवड ठेवू नये, अन्याय आहे तो हा.

मग सायकलस्वाराच्या घामाचे मोल कोणते? माझ्या मते, तो माप देतो. नकाशावरील १० किलोमीटर आणि चढणीचे १० किलोमीटर एकच नव्हेत, हे बुद्धीला सर्वांच्याच ठाऊक असते. पण मांड्यांना कळले म्हणजे त्या ज्ञानाची जात बदलते. ज्याने तो घाट एकदा स्वतःच्या पायांनी चढला, त्याला ‘दवाखाना १० किलोमीटरांवर आहे’ हे वाक्य पुन्हा निर्विकारपणे वाचता येऊ नये. कोठे शाळा असावी, कोठे रस्ता जावा, यांचे निर्णय पुष्कळदा सपाटीवर बसून होतात. घाटात फिरणाऱ्या तरुणांपैकी काहीजण उद्या त्याच खुर्च्यांवर बसतील. त्या दिवशी ही चढण त्यांच्या स्मरणात असली, तर तो घाम व्यर्थ गेला नाही. ती केवळ छायाचित्रात राहिली, तर आक्षेपकाचे म्हणणे त्यांच्यापुरते तरी खरेच ठरले, असे म्हणावे लागेल.