उसना आकडा आणि न्यायाचा प्रश्न

सार्वजनिक धोरणात पीएच.डी. करणाऱ्याला अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, कायदा, समाजशास्त्र असं सगळं थोडंथोडं यायला हवं, असं आता सर्रास म्हटलं जातं. तत्त्वज्ञानाचं नाव त्यात आलंच तर जेवणानंतरच्या विड्यासारखं, शेवटी. माझ्या मते ते आधी यायला हवं. एक विद्याशाखा दुसरीकडून आकडा उसना घेते, तेव्हाच बऱ्याचदा न्याय-अन्यायाचा निवाडा होऊन जातो आणि तो कुणी केला याचा पत्ताही लागत नाही.

पुण्यातलाच एक वाद घ्या. १९७१ मध्ये वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी भारतातल्या दारिद्र्याचा अभ्यास मांडला. माणशी रोज २,२५० उष्मांक मिळतील एवढा खर्च ज्याला झेपत नाही, तो गरीब. १९६०-६१ च्या किमतींनी ही रेषा खेड्यात महिन्याला १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये ठरली. रुपयांचं गणित अर्थशास्त्राचं, उष्मांक मात्र आहारशास्त्राकडून घेतलेले. पुढे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी नेमक्या या सांध्यावर बोट ठेवलं. एकाच निरोगी माणसाची गरजही कमीजास्त होते, शरीर कमी खाण्याशी जुळवून घेतं. तेव्हा सरासरीच्या खालचे सगळे अर्धपोटी धरले तर भुकेचा आकडा फुगतो, असं त्यांचं म्हणणं. दांडेकरांना ते पटलं नाही. वरवर हा वाद आकडेमोडीचा. पण शरीर किती जुळवून घेतं हे प्रयोगशाळेत कळेल. माणसावर किती जुळवून घ्यायची वेळ येऊ द्यायची, हे तिथं कसं कळणार? आणि मोजणीची पद्धत बदलली की काय होतं, ते तेंडुलकर समितीने २००९ मध्ये दाखवलंच. २००४-०५ च्या त्याच सर्वेक्षणावरून ग्रामीण दारिद्र्य २८.३ टक्क्यांवरून ४१.८ टक्क्यांवर गेलं. कुणाच्याही ताटात तोवर काही बदललं नव्हतं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: सगळं शिकणाऱ्याला धड काहीच येत नाही. हा धोका खरा आहे, आणि असे प्रबंध निघतातही. पण सुखात्म्यांची हरकत उथळपणातून आलेली नव्हती. स्वतःच्या शास्त्रात मुरलेला माणूसच शेजारच्या शास्त्राचं गृहीतक असं पकडू शकतो. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. उद्दिष्टं लोकप्रतिनिधींनी ठरवावीत, संशोधकाने फक्त साधनं सांगावीत. तत्त्व म्हणून हे मला मान्य आहे. मात्र उद्दिष्ट आकड्याच्या पोटात दडलेलं असेल, तर विधिमंडळ त्यावर मत देणार कसं? ते उघड करणं हे संशोधकाचंच काम.

तेव्हा मार्गदर्शकांना आणि बहिःस्थ परीक्षकांना एवढीच विनंती: तोंडी परीक्षेत प्रत्येक उसन्या आकड्यावर थांबा. हा कुठून घेतला, आणि घेताना कुणाला किती कमी मिळालं तरी चालेल असं धरलं, हे विचारा. उत्तर आलं नाही तर प्रबंध परत पाठवा.