अढी

शिवाजी पार्कच्या समर्थ व्यायाम मंदिरात संध्याकाळी लहान मुलं मल्लखांबापुढे रांगेत उभी असतात. एकेक जण पुढे येतो, एरंडेल लावलेला खांब हातांनी धरतो, अंग उलटं करतो आणि डोकं खाली असताना पायांनी वर खांब घट्ट पकडतो. ही अढी. मग उतरून पुन्हा रांगेच्या शेवटी. कितीतरी दिवस एवढंच.

पुढे संच, म्हणजे घटकांची सलग मालिका, बसवताना नुसतं "अढी" म्हटलं की पुरतं. हात कुठे, पाय कसे, हे सगळं अंगवळणी पडलेलं असतं. तिच्यामागून वेल येवो की फरारे, कुठलाही दुसरा घटक आला तरी सांधा जुळतो, कारण अढी कुठे सुरू होते आणि अंग कुठल्या स्थितीत सोडते हे पक्कं ठरलेलं आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये पहिली जागतिक मल्लखांब स्पर्धा इथेच झाली. देशोदेशीचे खेळाडू आले. संच ज्याचा त्याचा, घटक मात्र ओळखीचे.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, आणि तिथे आम्हाला अशाच पक्क्या घटकाची गरज होती. कोड तपासायचा, बांधायचा, सर्व्हरवर चढवायचा, हे आपोआप करणाऱ्या पायऱ्या आम्ही बारा प्रकल्पांत नकलून ठेवल्या होत्या. एका जागी चूक सुधारली की अकरा जागी ती तशीच. आमचा कोड जिथे असतो त्या गिटहबने नोव्हेंबर २०२१ मध्ये एका वर्कफ्लोने, म्हणजे अशा पायऱ्यांच्या मालिकेने, दुसऱ्याला बोलावण्याची सोय सर्वांना खुली केली, तेव्हा आम्ही सगळ्या नकला पुसून एकच सामायिक वर्कफ्लो केला. बोलावणाऱ्याने काय द्यायचं आणि त्याला काय परत मिळणार, एवढंच ठरवायचं.

आम्ही तेच बिघडवलं. या प्रकल्पाला ही पायरी नको, त्याला ती जास्तीची हवी, असं करता करता वीस पर्याय जमले. प्रत्येकाची सोय बघणारा तो वर्कफ्लो कुणालाच खात्रीने वापरता येईना. मल्लखांबात असं करत नाहीत. पकड बदलली की अढीचा प्रकार वेगळा, त्याला नाव वेगळं आणि सरावही वेगळा.

शिवाय बोलावलेली गोष्ट परस्पर बदलता कामा नये. मार्च २०२५ मध्ये २३,०००हून अधिक प्रकल्प वापरत असलेल्या एका तयार घटकात कुणीतरी गुपचूप घातक कोड घुसवला. जुनी आवृत्ती दाखवणारी नावंही त्याच कोडकडे वळवली होती. नावावर विसंबलेल्यांची गुपितं उघडी पडण्याचा धोका झाला. नावाऐवजी नेमक्या कोडच्या ठशाला (हॅशला) बांधून घेतलेले वाचले.

आम्ही त्या एकाचे तीन वर्कफ्लो केले, पर्याय वीसवरून तीनवर आणले. कोड एका दुपारी झाला. तिघांना नावं देण्यात दोन दिवस गेले.